प्रेसचा ठोका आणि सांबळ : नाशिकमधील एका भूमिगत रचनेचे प्रकरण

ज्या रचनेविषयी हे प्रकरण आहे ती नऊ मिनिटांची असून तिच्यात एकही शब्द नाही. सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या पॉवर प्रेसचा ठोका हा तिचा पाया आहे. ती प्रेस मिनिटाला 64 वेळा खाली येते. रचनाकाराने दर दोन ठोक्यांच्या मधोमध आणखी एक ठोका बसवून वेग 128 केला. शिकागोमध्ये जन्मलेल्या हाउस या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा वेग साधारणपणे 120 ते 130 असतो, त्यामुळे पत्रा कापणाऱ्या यंत्राची आणि त्या संगीताची गाठ विनासायास पडली. पहिली दोन मिनिटे केवळ यंत्राचा श्वास आणि तेलाच्या पंपाची घरघर ऐकू येते, तिसऱ्या मिनिटाला खालचा स्वर भरू लागतो आणि चौथ्या मिनिटाच्या अखेरीस, ऐकणाऱ्याला त्या ठोक्याची पुरती सवय झाल्यावर, सांबळ येते. रचनेचे सारे बळ या उशिरा येण्यात आहे.

रचनाकार माझा मावसभाऊ आहे. तो कारखान्याच्या देखभाल विभागात पाळीने काम करतो आणि मी महाविद्यालयात वाणिज्य शिकवते. त्याच्या गटाचा हिशेब आणि दारावरची व्यवस्था सुरुवातीपासून माझ्याकडे असल्यामुळे या प्रकरणातील बहुतेक घटना मी प्रत्यक्ष पाहिलेल्या आहेत आणि काही निर्णयांत माझाही वाटा आहे. संबंधित व्यक्ती आणि संस्था यांची नावे मी दिलेली नाहीत.

गट आणि त्याची बैठक

2021 च्या अखेरीस हा गट जमला तेव्हा त्यात अकरा जण होते. आमच्या मामांचे अंबडला पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचे शेड आहे आणि शनिवारी दुपारनंतर तिथले काम बंद असते. तिथे महिन्यातून एकदा हे तरुण जमत आणि एकमेकांच्या रचना पूर्ण लांबीने, मोबाइल पिशवीत ठेवून ऐकत. त्याला ते 'पार्टी' म्हणत नसत, 'बैठक' म्हणत, आणि हा शब्द त्यांनी पुष्कळ विचार करून घेतला होता. बैठकीत गायक किंवा वादक जितका वेळ घेईल तितका घेतो, आणि ऐकणारा उठून जात नाही. प्रत्येकाकडून 100 रुपये घेतले जात, त्यातून विजेचे बिल, चहा आणि स्पीकरचे भाडे निघे.

बैठक दुपारी चारला सुरू होऊन रात्री साडेनऊला संपत असे. या संगीताविषयी जगभर जे चित्र आहे ते रात्रभराचे आहे, त्यामुळे मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांना याचे नवल वाटे. परंतु आमच्यातील निम्म्या मुलांची रविवारीही सकाळी सातची पहिली पाळी असे. दुसरे कारण कायद्याचे होते. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. सभागृहासारख्या बंदिस्त जागेत आतल्या आत वापर करण्याची मुभा असली तरी पत्र्याच्या शेडला बंदिस्त सभागृह म्हणवून घेण्याचे धाडस मामांना नव्हते, आणि मलाही ते योग्य वाटले नाही. औद्योगिक क्षेत्रासाठी दिवसा 75 आणि रात्री 70 डेसिबल ही मर्यादा आहे. शेजारच्या गाळ्याच्या भिंतीजवळ उभे राहून आम्ही ती मोजत असू.

'भूमिगत' म्हणजे काय, याविषयी गटात दोन मते होती आणि पुढे जे झाले त्याचे बीज या मतभेदातच होते. एका मताप्रमाणे जे थोड्यांना ठाऊक असते ते भूमिगत, आणि अधिक लोकांपर्यंत पोहोचले की ते बाटते. गटातील वयाने लहान मुलांना हे मत फार प्रिय होते. पुण्या-मुंबईच्या मोठ्या महोत्सवांवर त्यांचा राग होता. गोव्यात 2007 साली सुरू झालेला सनबर्न महोत्सव 2016 मध्ये पुण्याजवळ आला, तेव्हापासून ज्याला इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणतात ते म्हणजे आतषबाजी आणि ठरलेल्या सेकंदाला येणारा ड्रॉप (ताण चढवत नेऊन एकदम कोसळणारा बेस), असे ते म्हणत. दुसरे मत रचनाकाराचे होते. ते त्याला नीट मांडता येत नसे, पण किती लोक ऐकतात यापेक्षा ते कसे ऐकतात याची त्याला अधिक काळजी होती.

इतिहास पहिल्या मताला फारसा आधार देत नाही. हाउस हे नाव शिकागोतील ज्या वेअरहाउस क्लबवरून पडले तिथे 1977 पासून डीजे फ्रँकी नकल्स वाजवत असत. तिथे येणारे बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय आणि समलिंगी होते. इतरत्र दार बंद असल्यामुळे त्यांनी आपले दार उघडले होते. लपून राहणे हे त्यांचे ध्येय नव्हते. डेट्रॉइटजवळच्या बेलव्हिलमधील ह्वान अॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन यांचे संगीत 1988 साली ब्रिटनमध्ये निघालेल्या एका संग्रहामुळे टेक्नो या नावाने जगाला माहीत झाले, आणि त्याचा त्यांना आनंदच झाला असणार. रोलंड कंपनीचे टीबी-303 हे यंत्र गिटारवादकाला साथीचा बेस देण्यासाठी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आले, ते चालले नाही आणि काही वर्षांतच बंद झाले. जुन्या बाजारात पडेल भावाने मिळणाऱ्या त्या यंत्राची बटणे पिळून फ्यूचर या शिकागोतील गटाने 1987 मध्ये जो आवाज प्रसिद्ध केला त्यातून अॅसिड हाउस हा पूर्ण प्रकार उभा राहिला. टाकाऊ यंत्रातून नवे काढणे हे आमच्या मुलांना सांगावे लागत नाही. गटाचा मिक्सर लग्नाच्या बँडवाल्याकडून घेतलेला होता आणि त्याच्या दोन पट्ट्या आजही चालत नाहीत.

मुंबईच्या चरणजित सिंग यांचे उदाहरण तर याहून जवळचे आहे. हिंदी चित्रपटसंगीतात अनेक वर्षे वादन केलेल्या या कलावंताने 1982 मध्ये तेच टीबी-303 आणि त्याच कंपनीचे टीआर-808 ही यंत्रे घेऊन दहा रागांची एक तबकडी केली. ती खपली नाही. 2010 मध्ये एका डच संग्राहकाच्या प्रयत्नाने तिचे पुनर्प्रकाशन झाले, तेव्हा शिकागोच्या पाच वर्षे आधी मुंबईत हा आवाज निघाला होता हे पाहून जगभरचे श्रोते थक्क झाले आणि उतारवयात चरणजित सिंग यांनी परदेशात कार्यक्रम केले. 2015 मध्ये ते वारले. त्यांची तबकडी देशातील सर्वांत मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीने काढली होती आणि ती घरोघरी वाजावी अशीच अपेक्षा असणार. त्यांना 'भूमिगत' म्हणणे मला पटत नाही. न खपणे ही एक घटना आहे, आणि भूमिगत असणे ही काहींनी आपल्या कामासाठी घातलेली अट आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत तर पुढचे काहीच नीट दिसत नाही.

रील ते मिरवणूक

2023 च्या ऑगस्टमधील बैठकीत कोणीतरी नियम मोडून मोबाइल बाहेर काढला आणि या रचनेचा 30 सेकंदांचा तुकडा चित्रित केला. 128 च्या वेगात 30 सेकंदांत बरोबर 64 ठोके बसतात, त्यामुळे तो तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला तरी सांधा कळत नाही. तो रील म्हणून टाकला गेला आणि आठवडाभरात सिडको, इंदिरानगर, पंचवटी इथली मुले त्यावर मोटारसायकलींचे आणि व्यायामशाळेतले व्हिडिओ करू लागली. रचनाकाराचे नाव कुठेच नव्हते. तुकडा सहाव्या मिनिटाचा असल्यामुळे त्यात सांबळ होते, मात्र तिथपर्यंत नेणारी पाच मिनिटे नव्हती.

गणेशोत्सवात पुढची पायरी आली. मिरवणुकीला साउंड पुरवणाऱ्या एका व्यावसायिकाने रीलमधला आवाज उचलून त्याचा मिक्स बनवला. त्याने वेग 136 वर नेला, वर हलगी आणि मंडळाच्या नावाचा पुकारा घातला आणि खाली स्वतःचा बेस टाकला. 28 सप्टेंबर 2023 रोजी, अनंत चतुर्दशीला, जुन्या नाशकातील वाकडी बारवेपासून निघणारी मुख्य मिरवणूक पाहायला मी घरच्यांबरोबर मेन रोडवर उभी होते. टेम्पोवरच्या बेस बॉक्समधून तो ठोका आला तेव्हा मला आधी छातीत कळले आणि मग कानाला. समोर किमान हजारभर माणसे त्या प्रेसच्या तालावर नाचत होती. त्यांच्यात त्या कारखान्यातले कामगारही असतील. खरे सांगायचे तर मला भरून आले होते. घरी आल्यावर भावाला फोन केला तेव्हा तो रागाने बोलतच नव्हता.

या मिक्समधील एक तांत्रिक बाब पुढील सर्व घटनांची किल्ली आहे, म्हणून ती सविस्तर सांगते. मोबाइलच्या स्पीकरमधून 100 हर्ट्झच्या खालचे जवळजवळ काहीच ऐकू येत नाही आणि गर्दीत धरलेल्या मोबाइलने टिपलेल्या आवाजातही तो भाग फाटलेला किंवा नाहीसा झालेला असतो. मूळ रचनेत 40 ते 60 हर्ट्झच्या पट्ट्यात एक हळू वर चढणारा स्वर आहे, तो तिचा कणा आहे, आणि रीलमध्ये तो नव्हताच. साउंडवाल्याच्या हाती आली ती पोट नसलेली चीज. त्याने आपल्या समजुतीने ते भरून काढले. गटातील मुले त्याला चोर म्हणत होती. मला मात्र पहिल्यापासून वाटत होते की त्याने जे ऐकले त्यावर त्याने प्रामाणिकपणे काम केले आहे. त्याच्यापर्यंत अर्धेच पोहोचले, ही त्याची चूक नाही.

ऑक्टोबरमध्ये मी त्याला फोन करून बैठकीला बोलावले. तो आला, बूट काढून पुठ्ठ्यावर मांडी घालून बसला आणि पूर्ण नऊ मिनिटे हलला नाही. संपल्यावर त्याने भावाला विचारले, "दादा, एवढ्या लहान आवाजात एवढा बेस कसा बसवला?" त्यानंतर ते दोघे रात्री उशिरापर्यंत बॉक्सच्या आतील कापसाच्या थराविषयी आणि 18 इंची स्पीकरच्या पोकळीविषयी बोलत बसले. "मॅडम, रीलमध्ये बेस नव्हता म्हणून मी टाकला. असता तर हात लावला नसता," असे तो जाताना मला म्हणाला. वडिलांचा बँड, मग स्वतःचा टेम्पो, मग स्वतः सुतारकाम करून बनवलेले बॉक्स असा त्याचा प्रवास आहे. त्याचे नाव कोणत्याही वर्तमानपत्रात येत नाही आणि त्याचे काम लाखो लोक ऐकतात. भूमिगत आणि लोकप्रिय ही दोन टोके एकाच माणसात कशी नांदतात हे मी तिथे प्रथम पाहिले.

शटरची संध्याकाळ

त्याच महिन्यातील पुढच्या शनिवारी, ठरलेली नसलेली आणखी एक बैठक मुलांनी परस्पर ठेवली. शेडमध्ये साठ माणसे सुखाने बसतात. साडेपाचपर्यंत बाहेर दोनशेहून अधिक माणसे जमली होती. रीलच्या खाली कोणीतरी पत्ता लिहिला होता. पुढचे शटर हा एकच रस्ता उघडा होता, कारण मागच्या दारासमोर सोमवारी जाणाऱ्या मालाचे गठ्ठे रचलेले होते, आणि शेड पुठ्ठ्याने भरलेले होते.

बर्लिनमधील लव्ह परेड ही टेक्नो संगीताची मिरवणूक 1989 मध्ये सुमारे 150 लोकांनी सुरू केली आणि 1999 पर्यंत तिची गर्दी 15 लाखांच्या घरात गेल्याचे सांगितले गेले. 24 जुलै 2010 रोजी ती डुइसबुर्ग शहरात भरली असता बोगद्यातून आणि एका उतारावरून आत-बाहेर करणाऱ्या गर्दीत चेंगरून 21 जण मृत्यू पावले आणि ती परेड कायमची बंद झाली. हे मी 2022 मध्ये कार्यक्रम-व्यवस्थापनाच्या तासाला शिकवले होते. त्या संध्याकाळी शटरच्या साखळीला हात घालताना मला तेवढेच आठवत होते. मी संगीत बंद करायला सांगितले. आत असलेल्यांना दहा-दहांच्या गटाने बाहेर काढले आणि मामांनी रस्त्यावर उभे राहून वाहने वळवली. भाऊ म्हणाला, "ताई, लोक आपलं ऐकायला आलेत आणि तू दार लावतेस?" मी उत्तर दिले नाही. दारे किती आहेत हे न मोजता लोकांना बोलावणे हा त्यांचा सन्मान नाही, असे मला आजही वाटते. त्यानंतर तीन महिने बैठक झाली नाही.

प्रस्ताव

नोव्हेंबरमध्ये एका जाहिरात संस्थेचा ईमेल आला. मद्य बनवणाऱ्या एका व्यवसायाच्या, सोड्याच्या नावाने केल्या जाणाऱ्या, जाहिरातीसाठी त्यांना रीलमधला तुकडा हवा होता. मोबदला साडेतीन लाख रुपये होता, म्हणजे गटाच्या दोन वर्षांच्या एकूण खर्चाच्या कितीतरी पट. अटी अशा होत्या की 30 सेकंदांत वर नाशिक ढोल चढवला जाईल, सर्व माध्यमांचे हक्क कायमचे दिले जातील आणि श्रेयनामावलीत नाव असेलच असे नाही. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. म्हणूनच त्यांनी 'कायमचे' हा शब्द आवर्जून लिहिला होता. मी तो मुलांना दाखवला.

गटात तट पडले. धाकट्या मुलांचा नकार ठाम होता. त्यांच्या तोंडी डेट्रॉइटच्या अंडरग्राउंड रेझिस्टन्सचे उदाहरण असे. माइक बँक्स आणि जेफ मिल्स यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या संस्थेने बड्या कंपन्यांशी व्यवहार न करण्याचे व्रत घेतले होते. 1999 मध्ये तिने काढलेल्या, डीजे रोलांडो यांच्या 'नाइट्स ऑफ द जॅग्वार' या रचनेचे हक्क मिळत नाहीत असे दिसल्यावर सोनीच्या जर्मन शाखेने तिची हुबेहूब नक्कल बनवली, तेव्हा जगभरच्या श्रोत्यांनी एवढा निषेध केला की कंपनीला माघार घ्यावी लागली. उदाहरण खरे आहे आणि स्फूर्तिदायकही आहे. परंतु त्या संस्थेच्या मागे तोपर्यंत दशकभराचे काम, स्वतःचे वितरण आणि अनेक देशांतील श्रोते होते. आमच्या मागे साठ माणसे होती आणि रचनेवर मालकीचा एकही लेखी पुरावा आम्ही नीट ठेवला नव्हता.

पैसे घ्यावेत असे म्हणणाऱ्यांची बाजूही हलकी नव्हती. स्ट्रीमिंगवर पूर्ण रचना ठेवून काही मिळेल या आशेला त्याच महिन्यात धक्का बसला होता, कारण मागील बारा महिन्यांत 1000 वेळाही न ऐकल्या गेलेल्या रचनेला 2024 पासून मोबदला मिळणार नाही, असे स्पॉटिफायने जाहीर केले. तिथे 30 सेकंद ऐकले की एक ऐकणे मोजले जाते. आमच्या रचनेत पहिल्या 30 सेकंदांत यंत्राच्या श्वासाशिवाय काही नाही. जिथे अर्ध्या मिनिटाच्या आत श्रोत्याला धरून ठेवावे लागते तिथे पाचव्या मिनिटाला सांबळ आणणाऱ्याने काय करावे? स्वतःचे बॉक्स घेता आले तर दरमहा भाडे वाचेल, असे एकाने मांडले आणि हिशेब माझ्याकडे असल्यामुळे तो बरोबर आहे हे मला मान्य करावे लागले.

तीन सभा झाल्या. शुद्धता, विक्री, श्रेय, सूड या सगळ्यांवर बोलणे झाले. तिसऱ्या सभेच्या शेवटी मी कराराचा मसुदा वाचत असताना एका कलमाशी थांबले. रचनेतील सर्व वादकांची लेखी संमती घेतलेली आहे, असे रचनाकाराने प्रमाणित करायचे होते. मी विचारले, "सांबळ कोणाचे?" खोलीत कोणीच बोलेना.

सिन्नर तालुक्यातील भेट

ते सांबळ 2021 मध्ये सिन्नर तालुक्यातील एका गावी, आमच्याच नात्यातील लग्नानंतरच्या जागरण-गोंधळात, भावाने लहानशा रेकॉर्डरवर टिपलेले होते. गोंधळ्यांना रीतीप्रमाणे बिदागी मिळाली होती. रेकॉर्डिंगविषयी त्यांना कोणी विचारले नव्हते आणि नंतर ते कुठे वापरले हेही सांगितले नव्हते. आमच्या वहीत त्या दिवशीचा प्रवासखर्च 'इतर' या सदरात लिहिलेला आहे आणि ते अक्षर माझे आहे. कायद्याने सादरकर्त्याला आपल्या वादनावर 50 वर्षांचा हक्क असतो आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर नाव लावून घेण्याचा नैतिक हक्कही असतो. दोन महिने आमची मुले साउंडवाल्याला चोर म्हणत होती. त्याने निदान जे केले ते भर रस्त्यात केले होते.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मी आणि भाऊ त्या गावी गेलो. ते सांबळ वाजवणाऱ्या गोंधळ्यांना आम्ही बाबा म्हणतो. त्यांचे वय साठीच्या पुढे आहे. घराण्यात गोंधळ पिढ्यान्पिढ्यांचा आहे. आम्ही आधी क्षमा मागितली, मग सारी हकीकत सांगितली आणि सोबत नेलेल्या स्पीकरवर पूर्ण रचना ऐकवली. त्यांनी डोळे मिटून ऐकली. सांबळ आले तेव्हा त्यांची बोटे गुडघ्यावर चालू लागली आणि काही क्षणांतच थांबली. "बाळा, तू माझा हात मधीच तोडलाय," ते म्हणाले. भावाने चारच्या मापात बसावे म्हणून वादनाचा तुकडा जिथे कापला होता तिथे त्यांची थाप पुरी होत नव्हती. पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर ती येऊन टेकते आणि मगच बोल पुरा होतो. दोन वर्षे आम्ही सर्वांनी ती रचना शेकडो वेळा ऐकली होती आणि आमच्यापैकी एकालाही हे कळले नव्हते.

मिरवणुकीतला मिक्सही ऐकवला. त्याचा त्यांना राग आला नाही. "मिरवणुकीत वाजू द्या, देवाचंच काम हाये ते," असे म्हणून त्यांनी जाहिरातीविषयी विचारले. आम्ही सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "देवीपुढं वाजवलेलं हाये ताई. बाटलीसाठी नको." पैशांत त्यांचा वाटा किती असेल हेही आम्ही सांगितले होते, आणि तो त्यांच्या घरासाठी लहान नव्हता. त्यांनी पुन्हा तेच सांगितले.

गटाने महिनाभर जी रेघ शोधली ती अशा रीतीने दुसऱ्याच ठिकाणी निघाली. आमच्या मुलांची रेघ साठ माणसे आणि साठ हजार माणसे यांच्या मध्ये होती. बाबांच्या लेखी हजारोंची मिरवणूक चालणारी होती आणि दहा माणसांनी पाहिलेली ती जाहिरातही न चालणारी होती. त्यांनी संख्येचा विचारच केला नाही. हे कोणापुढे वाजवलेले आहे आणि आता कशासाठी वाजणार आहे एवढेच विचारले. मला त्यांचे सोवळे-ओवळे जसेच्या तसे मान्य आहे असे नाही. परंतु ज्याचा हात त्या रचनेत आहे त्याला विचारल्यावर प्रश्न सुटला, आणि तोवरच्या तिन्ही सभांत तो सुटला नव्हता, ही वस्तुस्थिती आहे.

नकारानंतर

आम्ही संस्थेला नकार कळवला. फेब्रुवारीत ती जाहिरात आली. तिच्यात यंत्राचा ठोका होता, सांबळासारखे काहीतरी होते, वर ढोल होता, आणि आमच्या रचनेतील एकही ध्वनी जसाच्या तसा नव्हता. ठोक्यावर आणि कल्पनेवर कोणाचा हक्क नसतो, हक्क असतो तो प्रत्यक्ष अभिव्यक्तीवर. त्यामुळे करण्यासारखे काही उरले नाही. निषेधही झाला नाही. डेट्रॉइटचे उदाहरण देणाऱ्या दोन मुलांनी त्यानंतर येणे थांबवले, आणि त्यांच्या जाण्याचे मला वाईट वाटते, कारण नियम सर्वांत काटेकोर पाळणारी तीच होती. बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीला जर्मनीने 2024 च्या मार्चमध्ये अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतले, ही बातमी भावाने मला पाठवली तेव्हा त्याखाली फक्त "आणि गोंधळ?" एवढेच लिहिले होते.

जानेवारीत बाबा अंबडला येऊन गेले होते. शेडमध्ये गाद्या टांगून त्यांचे वादन नव्याने मुद्रित केले. त्यांना त्या दिवसाची पूर्ण बिदागी दिली आणि विक्रीतील अर्धा वाटा कागदावर लिहून दिला. तोड दुरुस्त केल्यावर रचना नऊवरून अकरा मिनिटांची झाली, कारण बोल पुरा व्हायला जागा लागते. ती आम्ही बँडकॅम्प या संगीतविक्रीच्या संकेतस्थळावर सुमारे 100 रुपये किमतीला ठेवली. तिथे डिजिटल विक्रीवर 15 टक्के कापले जातात, पैसे वळते करण्याचे शुल्क वेगळे जाते आणि उरलेले हाती येतात. वर्षअखेरपर्यंत 41 प्रती गेल्या. वहीत आता 'सहकलाकार' असे वेगळे सदर आहे.

बैठक पुन्हा सुरू झाली ती साठ क्रमांकित चिठ्ठ्यांवर, मागचे दार मोकळे ठेवून, आणि साउंडवाल्याने स्वतः बनवून दिलेल्या दोन बॉक्सवर. त्यांचे पैसे तो हप्त्याने घेत आहे.

2024 च्या गणेशोत्सवाआधी एका मंडळाने त्याच्याकडे तोच मिक्स नव्याने मागितला. त्याने आधी भावाला विचारले, भावाने बाबांना विचारायला सांगितले, आणि साउंडवाला आपला टेम्पो घेऊन थेट सिन्नर तालुक्यात त्यांच्या दारात गेला. अंगणात, एका बॉक्सवर, आवाज कमी ठेवून त्याने मिक्स ऐकवला. बाबांनी दोन जागा बदलायला लावल्या. 17 सप्टेंबरला मिरवणुकीत तो वाजला तेव्हा हलगी होती, मंडळाचा पुकारा होता, खालचा चढणारा स्वर मूळचाच होता, आणि वेग 136 ऐवजी 128 होता. त्याहून जलद गेले की सांबळाच्या वाकड्या काठीचा हात थापेला पोहोचत नाही, असे बाबांनी सांगितले होते.